अक्कांचा उजवा डोळा

अक्कांच्या घरात कमावणारा एकच होता, आणि तो म्हणजे अक्कांचा उजवा डोळा. त्याच डोळ्याला भिंग लावून त्या घड्याळं दुरुस्त करायच्या. डावा डोळा लहानपणी ग्रहण बघताना गेला. अगदी आंधळा झाला नाही, पण जिथे बघावं नेमकं तिथलंच दिसेना. माणूस दिसायचा, त्याचं तोंड दिसायचं नाही. काजळी धरलेल्या काचेतून गल्लीतल्या सगळ्याच पोरांनी ग्रहण बघितलं होतं. अक्कांनी जरा जास्त हौसेने बघितलं, एवढाच त्यांचा गुन्हा. तेव्हापासून त्यांनी सूर्याशी अबोला धरला होता.

आणि आता त्यांची भावजय, शाळेत विज्ञान शिकवणारी मास्तरीण, त्यांना म्हणत होती, "अक्का, उद्या आमच्या शाळेच्या गच्चीवर या. सूर्यावरचे डाग दाखवते. पहिला मान तुमचा."

"मला एकच डोळा उरलाय गं बाई," अक्का म्हणाल्या. "विषाची परीक्षा कोण घेणार?"

"बघू नका वाटलं तर. नुसत्या या."

अक्का नुसत्या गेल्या. शाळेच्या गच्चीच्या दारापाशी, सावलीत खुर्ची टाकून बसल्या. मुख्याध्यापिकांनी मुलींची रांग जिन्यात थोपवून धरली होती. धाकटा, म्हणजे अक्कांचा भाऊ आणि मास्तरणीचा नवरा, वायरचं भेंडोळं घेऊन उगाच इकडून तिकडे करत होता. मदत करतोय असं त्याचं म्हणणं होतं.

मास्तरीण मात्र कामाला लागली. आधी तिने दुर्बिणीच्या तोंडावर बसवायचा फिल्टर काढला आणि जोरदार टॉर्चसमोर धरून इंच इंच तपासला. कुठे सुईएवढं भोक, कुठे ओरखडा? काही नाही. मग तो नळीच्या पुढच्या तोंडावर चढवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावली. मोठ्या नळीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण होती, रात्री तारे हुडकायची. तिला फिल्टर नव्हता, म्हणून तिच्या तोंडावर टोपण घातलं. तिपाई पाणसळीत, अगदी सपाट बसवली. मग हातातल्या रिमोटवर तारीख, वेळ आणि गाव भरलं.

"आता सूर्य दाबला की झालं ना?" धाकट्याने विचारलं.

"यादीत सूर्यच नसतो," मास्तरीण म्हणाली. "चंद्र असतो, ग्रह असतात. सूर्य मुद्दाम लपवलेला असतो, चुकून कोणी तिकडे नळी वळवू नये म्हणून. आत जाऊन आधी सांगावं लागतं की मी फिल्टर लावलाय, मला कळतंय मी काय करतेय."

अक्कांना हे फार आवडलं. यंत्र बनवणाऱ्याला माणसाची खोड ठाऊक होती.

मोटर घूं करत फिरली आणि नळी वर झाली. पण अगदी नेमकी नाही. मास्तरणीने मान वर केलीच नाही. ती बटणांनी नळी सरकवत खाली फरशीवर तिची सावली बघत राहिली. लांबट सावली आखडत आखडत गोल झाली, तेव्हा तिने आयपीसला स्वतःचा डोळा लावला. दोन बटणं हळूच दाबून सूर्य मधोमध आणला आणि यंत्राला सांगितलं, हाच तो, आता याच्या मागोमाग चाल. मोटरचा आवाज बारीक झाला. आतली चाकं सूर्याच्या चालीने फिरू लागली. आकाशाकडे न बघता सूर्य धरला पोरीने! अक्कांना तिचं इतकं कौतुक वाटलं की त्या खुर्चीतून उठल्याच.

मास्तरीण मुलींना आत घ्यायला दाराकडे वळली. तेवढ्यात अक्का दुर्बिणीजवळ जाऊन वाकल्या.

"अक्का!"

मास्तरीण एका झेपेत आली आणि तिने अक्कांना दंडाला धरून मागे ओढलं. काहीतरी जळाल्याचा वास आला. अक्कांच्या खांद्यावर, पदराला, मसुराएवढं भोक पडून धूर निघत होता. छोट्या दुर्बिणीचं टोपण धाकट्याच्या हातात होतं, आणि तिच्यातून उन्हाचा झोत थेट तिथे पडला होता.

"काच पुसत होतो," तो पांढराफटक पडून म्हणाला. "धूळ दिसली म्हणून..."

तोच झोत आणखी वीतभर वर आला असता तर दुकान कायमचं बंद. त्या खुर्चीत जाऊन बसल्या. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर दुसऱ्यांदा दूधच होतं.

नवऱ्याला चार शब्द सुनवायची हीच वेळ होती, आणि दुसरी कोणी असती तर तिने सोडली नसती. मास्तरणीने टोपण घालून झोत बंद केला आणि मुख्याध्यापिकांसमोर, मुलींसमोर सरळ सांगितलं, "चूक माझी. ही छोटी दुर्बीण मी काढूनच ठेवायला हवी होती. आणि जागेवरून हलायला नको होतं."

तिने मुलींना पुन्हा जिन्यात बसवलं. छोटी दुर्बीण स्क्रू सोडवून काढली आणि अक्कांच्या मांडीवर ठेवली. मग यंत्र बंद करून पहिल्यापासून सुरुवात केली. तोच फिल्टर पुन्हा टॉर्चसमोर, पुन्हा इंच इंच. नवी चिकटपट्टी. तारीख, वेळ, गाव. फरशीवरची सावली. मुख्याध्यापिका दोनदा घड्याळाकडे बघून खाकरल्या. मास्तरणीने ऐकलंसुद्धा नाही. शेवटी तिने स्वतः डोळा लावला आणि नंतर दुर्बिणीला चिकटून उभी राहिली. अक्कांना या म्हणाली नाही.

अक्का सगळं बघत होत्या. आयुष्यभर त्यांनी कारागीर पारखले होते. चूक झाली की झाकण लावून गिऱ्हाइकाच्या हातात देणारे ढिगाने भेटले होते. सगळं खोलून पहिल्यापासून बसवणारे फार थोडे.

त्या उठल्या. त्यांनी छोटी दुर्बीण खुर्चीवर ठेवली, चालत गेल्या, मास्तरणीच्या हाताला घट्ट धरलं आणि उजवा डोळा लावला.

केशरी, गोल, कडा अगदी रेखीव. अंगावर तीन-चार काळे ठिपके. किती शांत! याच्या धाकाने आपण जन्मभर मान खाली घालून चाललो, यावर अक्कांचा विश्वास बसेना. आता निसटेल, मग निसटेल, म्हणून त्या श्वास धरून होत्या. पण मोटर बारीक आवाजात चालत राहिली आणि सूर्य जागचा हलला नाही. अक्कांना रडू आलं. तरी त्यांनी डोळा काढला नाही.

"बाई," रांगेतली पहिली मुलगी कुरकुरली, "या आजी केव्हाच्या बघतायत. आमचा नंबर कधी?"

"थांब जरा," मास्तरीण म्हणाली. "तू आज आलीस. त्या तुझ्याएवढ्या होत्या तेव्हापासून रांगेत आहेत."