छत्तीस कोरे फोटो

मी एक जुना, रीळ घालायचा कॅमेरा आहे मित्रांनो. डाव्या बाजूला पोचा आहे, पट्टा तिसऱ्यांदा शिवलेला आहे आणि स्वभाव थोडा कुरकुर करण्याचा आहे. माझी मालकीण हेमाताई, राहणार वारजे. बाकीचे लोक लग्नामुंजींचे फोटो काढतात. हिला मात्र रॉक आणि पंक, म्हणजे घसा फोडून ओरडायची गाणी, गाणारी पोरे आवडत.

त्यांचे फोटो काढायची तिची एक रीत होती. गाणे चालू असताना ती मला पिशवीतून काढतच नसे. कार्यक्रम संपला की घामाघूम गायकाला भिंतीपाशी उभे करायचे आणि विचारायचे, "आज घरी जेवायला काय आहे?" झाले! डोक्यावर केसांचे काटे, कानात साखळ्या आणि चेहऱ्यावर एकदम घरचा मुलगा. तेवढ्यात मी खटकन तो चेहरा टिपत असे. त्या फोटोंचे प्रदर्शन भरले तेव्हा माझी छाती फुगली होती, खोटे कशाला बोलू?

मग फोनवर फोटो निघू लागले आणि मी कपाटात गेलो. बारा वर्षे शेजारी कोण, तर बंद पडलेला मिक्सर. फार एकटे वाटायचे.

गेल्या वर्षी सलिलचा फोन आला. तो अकरावीत असताना हेमाताईने त्याचा पहिला फोटो काढला होता. आता त्याच्या घशात गाठ निघाली होती. मंगळवारी ऑपरेशन होते आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. पंक गाणाऱ्याचा आवाज बसला आहे, हे वर्षभर कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

"रविवारी शेवटचं गातोय, ताई. फोटो तूच काढ, त्याच कॅमेऱ्यावर."

हडपसरच्या एका शेडमध्ये सकाळी दहाला कार्यक्रम होता. दुपारी शेजारचे झोपतात, म्हणून एकच्या आत आवरायचे होते. रीळ घालताना हेमाताईचे सगळे लक्ष सलिलकडे होते. रिळाचे टोक माझ्या आतल्या दात्यांत नीट अडकलेच नाही. रीळ पुढे सरकले की माझ्या डोक्यावरची छोटी चकती फिरते. ती ढिम्म होती. मी आतून ओरडत होतो, पण मला कुठला आवाज! त्यात हिने आपली रीत मोडली आणि तो गात असतानाच फोटो काढत सुटली. एका रिळात फोटो मावतात छत्तीस. छत्तीस झाले, तरी रीळ ओढायचा खटका पुढे जातच राहिला. सदतीस. अडतीस. तेव्हा कुठे तिने चकतीकडे पाहिले. तोवर गाणे संपले होते.

तिला लपवता आले असते. तिने लपवले नाही.

"सलिल, एकही फोटो आला नाही रे. रीळ फिरलंच नाही."

"म्हणजे अर्धा तास पोट आत घेऊन गायलो, ते फुकट?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

ती रडता रडता हसली. दुसरे रीळ घातले, चकती फिरते का ते दोनदा पाहिले आणि त्याला भिंतीपाशी उभे केले.

"आज घरी जेवायला काय आहे?"

"शेपूऽऽ!" शेड दणाणली. मी टिपले.

सलिल आता बरा आहे, पण बोलत नाही. तो फोटो हेमाताईच्या बैठकीत लावला आहे. हा कोणाविरुद्ध एवढा पेटून उठला आहे, असे पाहुणे विचारतात. "शेपूच्या भाजीविरुद्ध," हेमाताई सांगते. सलिल शेजारी उभा राहून नाक मुरडतो.

मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांना कपाटात ठेवलेत तरी हरकत नाही, पण अधूनमधून काढून आमची चाके फिरवून बघा. आणि तुमच्या माणसाचा आवाज महिनाभर बसलेला असेल, तर टाळ्या वाजवून झाल्यावर जवळ जा आणि घसा कसा आहे ते विचारा. सलिलला वर्षभर कोणी विचारले नव्हते.