तिसरी फेरी

कृष्णाजी जाऊन सव्वीस दिवस झाले, तरी त्यांच्या लेकीला, अंबुजाला, एका जागी बसवत नव्हतं. जेवायला बसली की नळ नीट बंद केलाय का ते आठवे. नळ पाहून आली की फाटकाची कडी. कडी लावून आली की ताटातला भात गार झालेला असे आणि मग ती तो उभ्यानेच खाई. पंधरा वर्षं ग्रंथालयात नोकरी केलेली बाई, पुस्तकात डोकं घातलं की हाक ऐकू येत नाही म्हणून बोलणी खाल्लेली. आता दुसऱ्या पानावर आली की खुर्ची मागे सरकवून उभी राहायची.

इंदिरानगरच्या घरी लोक भेटायला येत. तिची आई, लक्ष्मीदेवी, पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसे आणि येईल त्याला तेच सांगे.

"धडधाकट होते हो. त्या तांबड्या गाडीनं नेलं त्यांना. एकसष्टाव्या वर्षी कुणी असले हिसके खातं का? हिला विचारा, ही होती बरोबर."

लोक अंबुजाकडे बघत. ती कॉफीचे पेले गोळा करून आत जाई.

तांबडी गाडी म्हणजे फत्तेसिंगांची फेरारी. फत्तेसिंग जे. पी. नगरचे, व्यापारासाठी बारा वर्षं सिंगापुरात राहून गेल्या वर्षी, शहाण्णव साली, परत आले आणि येताना दोन गाड्या घेऊन आले. एक ही तांबडी फेरारी, दुसरी रुपेरी पोर्श. घरात छपराखाली जागा एकीचीच. "बायको म्हणते, एक सवत चालेल, दोन नाही," असं ते हसत हसत सांगत. एक ठेवायची आणि दुसरी कोइमतूरला मेहुण्याकडे धाडायची, एवढं ठरलं होतं. कुठली, ते ठरत नव्हतं. रोज बेंगळूरच्या रस्त्यावर चालवता यावी आणि वर्षातून चार वेळा मद्रासजवळच्या ट्रॅकवर पळवता यावी, अशी एकच हवी होती. म्हणून ते कृष्णाजींकडे आले.

कृष्णाजींनी विमान कारखान्यात बत्तीस वर्षं इंजिनं तपासली होती. नोकरीत होते तेव्हापासूनच शहरातले गाड्यांचे शौकीन त्यांच्याकडे येत. ते पैसे घेत नसत, पण त्यांची एक रीत होती आणि ती कुणासाठी मोडत नसत. दोन गाड्या ताडून बघायच्या तर तीन फेऱ्या. आधी पहिली गाडी, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. तोच रस्ता, तोच चालक, तीच सकाळ. उन्हानं डांबर तापतं, टायर झिजतात, माणूस दमतो. पहिली गाडी पुन्हा पळवली आणि तिची वेळ तीच आली, तर मधला फरक दुसऱ्या गाडीचा. पहिलीही मागे पडली, तर दोष गाडीचा नाही, दुसरं काहीतरी बदललंय.

घड्याळ अंबुजाच्या हातात असायचं. बारा वर्षांची असल्यापासून.

सव्विसाव्या दिवशी फत्तेसिंग आले. कॉफी प्याले आणि मग चाचरत म्हणाले, "अक्का, आत्ताच विचारणं बरं दिसत नाही. पण मेहुणा सारखा फोन करतो. अप्पांनी वहीत काही लिहून ठेवलंय का?"

अंबुजानं वही आणली. तिनं ती आधीच पाहिली होती, रोज पाहत होती. डाव्या पानावर रस्त्याच्या नोंदी. इंदिरानगर ते मारतहळ्ळी आणि परत, दोन्ही गाड्या, गर्दीच्या वेळी.

फत्तेसिंगांनी मोठ्यानं वाचलं. "पोर्श. बसायला ताठ, चहूकडचं दिसतं. गतिरोधक तिरकी न करता ओलांडते. गर्दीत गरम होत नाही. दूध आणायला नेता येईल." ते हसले. "फेरारी. क्लच जड. गिअर गरम होईपर्यंत दुसरा पडत नाही, रुसते. नाक गतिरोधकाला लागतं. दूध आणायला नेलं तर परत येईपर्यंत दही होईल."

लक्ष्मीदेवींनी तोंड फिरवलं.

उजव्या पानावर ट्रॅक. वर्तूरच्या पलीकडे एक जुनी, वापरात नसलेली धावपट्टी होती. तिच्यावर पिंपं मांडून कृष्णाजी वळणं करत. चार रकाने: गाडी, हवा, वेळ, कारण. पहिली ओळ: पोर्श, एक मिनिट एकवीस पूर्णांक चार. दुसरी ओळ: फेरारी, एक मिनिट चोवीस पूर्णांक नऊ. तिसऱ्या ओळीला 'पोर्श' एवढंच लिहिलेलं, पुढे काही नाही.

"साडेतीन सेकंद!" फत्तेसिंग म्हणाले. "अय्यो, एवढी मागे? मग प्रश्नच मिटला. रस्त्यावरही पोर्श, ट्रॅकवरही पोर्श. मेहुण्याला सांगून टाकतो, लाल घे बाबा, पण ती नुसती दिसायला आहे."

"असं सांगू नका," अंबुजा म्हणाली.

"का?"

"तिसरी फेरी झालेली नाही."

"आकडे आहेत की, अक्का. एवढा फरक! आणखी काय हवं?"

अंबुजा उठून खिडकीपाशी गेली, तिथून दाराशी. 'कारण' हा रकाना अप्पा कधी रिकामा सोडत नसत. डांबर तापलं, टायर कमी हवेचा, मध्येच कुत्रं आडवं आलं, काहीतरी लिहीतच. साडेतीन सेकंदांपुढे त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. आणि तिसरी फेरी अप्पांनी सोडली नव्हती, तिनं सोडायला लावली होती. दोनला ग्रंथालयाचं वाचनदालन उघडायचं होतं. त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे अप्पा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कुरकुरत असणार, आठवडाभर तरी. कुणाच्या लक्षात आलं नाही का?

लाल गाडी खरोखर मागे असेल, तर त्या सकाळी अप्पा बरे होते. नसेल, तर ते साडेतीन सेकंद अप्पांचे होते, आणि ते तिनं स्वतः मोजून, मोठ्यानं वाचून दाखवले होते.

"दोन्ही गाड्या रविवारी धावपट्टीवर आणा," ती म्हणाली. "हयवदनला मी सांगते."

"काय गरज आहे?" आई म्हणाली. "अजून कुणाचा जीव घ्यायचाय त्या अवदसेला?"

हयवदन म्हणजे अप्पांचा शिष्य. जे. सी. रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, जाड भिंगाचा चष्मा. बघून वाटायचं नाही, पण पाच वर्षं रॅलीत पहिल्या तिघांत असे. अंबुजानं त्याला फोनवर काही समजावलं नाही. तीन फेऱ्या, एवढंच. तो म्हणाला, "सरी, बरं अक्का, आठला येतो."

रविवारी आठला ऊन कोवळं होतं. पिंपांच्या जागा डांबरावर अप्पांनी पांढऱ्या रंगानं आखून ठेवल्या होत्या, त्यामुळे मांडायला वेळ लागला नाही. फत्तेसिंगांनी तिच्यासाठी घडीची खुर्ची उघडली. ती बसली नाही.

हयवदननं आधी दोन्ही गाड्या सावकाश फिरवून गरम केल्या. लाल गाडीतून उतरताना म्हणाला, "हिचा क्लच म्हणजे पायात दगड बांधल्यासारखा. अप्पांनी या वयात दाबला कसा?"

अंबुजानं घड्याळ शून्यावर आणलं.

पहिली फेरी पोर्शची. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे वळणात मध्येच घाबरून पाय उचलला की शेपूट फिरते, हे अप्पांनी हयवदनला शंभरदा बजावलं असेल. त्यानं पाय उचलला नाही. एक मिनिट एकोणीस पूर्णांक दोन.

"अप्पांपेक्षा दोन सेकंद कमी," फत्तेसिंग म्हणाले.

"तो अठ्ठावीस वर्षांनी लहान आहे. त्याला त्याच्याशीच ताडायचं."

दुसरी फेरारी. लांबून ती दिसायच्या आधी ऐकू यायची. शेवटच्या पिंपाशी ती जमिनीला चिकटून वळली, नाक हललंसुद्धा नाही, आणि अंबुजाच्या समोरून गेली तेव्हा तिच्या पदराला ओढ बसली. तिनं बटण दाबलं.

काट्याकडे लगेच बघवलं नाही. हयवदन गाडी वळवून परत आला, इंजिन बंद झालं, तरी ती घड्याळ पोटाशी धरून उभी होती.

"किती, अक्का?"

"एक अठरा आठ."

"काय? म्हणजे पोर्शपेक्षा पुढे?" फत्तेसिंगांनी टाळी वाजवली. "बघा! माझी लाल उगीच बदनाम झाली. हयवदन, ऐकलंस का रे? माझी लाल..."

ते थांबले. वहीतले आकडे त्यांनाही आठवले असावेत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात कशी धरावी ते त्यांना कळेना.

हयवदन लाल गाडीला टेकून चष्मा पुसत होता. बराच वेळ पुसत राहिला.

"आता तिसरी कशाला, अक्का?" फत्तेसिंग हळूच म्हणाले. "कळलं की. ऊन वाढतंय."

हेच ती म्हणाली होती, याच जागी. कळलं की, अप्पा. आकडे स्पष्ट आहेत. ऊन वाढतंय.

"करायची," ती म्हणाली.

रुपेरी गाडी निघाली. घड्याळ चालू झालं, आणि त्या सव्वा मिनिटात अंबुजाला तो दिवस अडवता आला नाही. लाल गाडी थांबल्यावर अप्पा लगेच उतरले नव्हते. दार उघडून एक पाय बाहेर टाकून बसले होते, डावा हात मांडीवर उताणा. "स्वल्प थांब, अंबू," म्हणाले होते. तिनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं होतं. दोन फेऱ्या पुरे झाल्या, तिसरी पुढच्या रविवारी करू. आणि तिसऱ्या फेरीसाठी एकदा मंत्र्यांच्या मुलाला भर उन्हात तासभर ताटकळत ठेवणारा तो माणूस, एका शब्दानं वाद न घालता, "सरी" म्हणाला होता. तिला तेव्हा बरं वाटलं होतं. फत्तेसिंगांची माणसं दोन्ही गाड्या घेऊन गेल्यावर, येताना घरची गाडी त्यांनी तिला चालवायला दिली होती. ते डोळे मिटून बसले होते, आणि तिनं वाटेत नव्याने आलेल्या पुस्तकांबद्दल बडबड केली होती, मारतहळ्ळीपर्यंत.

ते 'सरी' तिनं ऐकलं होतं. मोजलं नव्हतं.

पोर्श समोरून गेली. एक एकोणीस तीन.

वही तिनं पोर्शच्या गरम टपावर ठेवली. हयवदनच्या तीन वेळा लिहिल्या. मग पान मागे उलटून अप्पांच्या दुसऱ्या ओळीशी आली. 'कारण' या रकान्यात तिनं लिहिलं: चालकाची तब्येत बरी नव्हती. जागा उरली होती. तिनं आणखी लिहिलं: वेळ मोजणारीच्या लक्षात आलं नाही. खाली सही आणि तारीख घातली, अप्पांना लागायची तशी.

हयवदननं वाकून वाचलं. "अक्का, हे दुसरं लिहायला नको होतं."

"अप्पांनी खोडू दिलं असतं का?"

तो पिंपं गोळा करायला गेला.

परत निघताना फत्तेसिंगांनी खाकरून विचारलं, "मग मी कुठली ठेवू?"

"पोर्श."

"अजूनही?"

"ट्रॅकवर दोघींत अर्धा सेकंद. तुम्ही चालवलीत तर पाच सेकंद इकडेतिकडे होतील, त्यात तो अर्धा हरवून जाईल, राग मानू नका. उरला रस्ता. तुम्ही रोज घरून निघणार, दर शंभर पावलांवर गतिरोधक. लाल गाडीला महिन्यातून एकदा बाहेर काढाल आणि तिच्यावरच चिडाल. मेहुण्याकडे मोकळा रस्ता आहे म्हणता ना? तिथं ती सुखात राहील."

"म्हणजे एवढं सगळं करून निकाल तोच!"

"निकाल तोच. पण मेहुण्यांना खरं सांगा. गाडी मागे नाही."

फत्तेसिंगांनी मान हलवली. "सांगतो, अक्का. आधी तेच सांगतो."

ती घरी पोचली तेव्हा अकरा वाजले होते. आई मागच्या पायरीवर सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झालं समाधान? गेली का ती अवदसा कोइमतूरला?"

"जाईल."

"जाऊ दे. तिचं तोंड बघायचं नाही मला."

अंबुजानं स्वयंपाकघरातून पाट आणला आणि आईच्या समोर मांडून बसली. नळ ठिबकत होता. ती उठली नाही.

"अम्मा, त्या गाडीत काही दोष नव्हता."

"कुणी सांगितलं?"

"मीच मोजलं. गाडी पळते तशी पळते. त्या दिवशी अप्पाच हळू होते. त्यांना धाप लागली होती. दार उघडून बसून राहिले. थांब म्हणाले मला."

आईची बोटं तांदळात थांबली.

"आणि तू?"

"मला दोनला पोचायचं होतं. मी थांबले नाही."

सुपातून चार दाणे पायरीवर सांडले. लक्ष्मीदेवींनी ते एकेक करून उचलले, परत सुपात टाकले. मग सूप बाजूला ठेवून त्या लेकीकडे वळल्या.

"किती वाजले होते?"

"पावणेबारा."

"घाम आला होता?"

"हो."

"पाणी दिलंस?"

"दिलं. अर्धा पेला प्याले."

"सगळं सांग," आई म्हणाली. "सकाळपासून सांग. घरून निघालात तिथपासून."

आणि अंबुजा सांगायला लागली.