जोडचिंचेवरून डावीकडे

दया भिंगारदिवे बाईंनी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला आणि त्या बत्तीस वर्षांत ‘बाई, तुमचं चुकलं’ म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. ती हिंमत अखेर मिरजगावच्या एका टेम्पोवाल्यानं केली, आणि तीही एका वॉशिंग मशीनपायी.

मशीन पुण्याहून मुलानं, जोशुआनं, आणि सुनेनं, स्टेलानं, धाडलं होतं. टेम्पो घेऊन आलेल्या कानिफनाथानं नगरच्या दिल्ली दरवाज्यापाशी थांबून फोन लावला. “म्याडम, मी गेटापाशी हाय. फुडं कसं येऊ?”

बाईंनी वर्गात नकाशा वाचावा तसा रस्ता सांगितला. “सरळ या. रतन टॉकीज सोडा, टांगा अड्ड्यावरून उजवीकडे वळा, बर्फाचा कारखाना लागला की जोडचिंचेवरून डावीकडे. निळं दार.”

रस्ता अगदी बरोबर होता. फक्त रतन टॉकीज पाडून तिथं कपड्यांचा मॉल झाला होता, टांगा अड्ड्यावर बँक उभी होती, बर्फाच्या कारखान्याचं मंगल कार्यालय झालं होतं आणि जोडचिंच रस्ता रुंद करताना गेली होती, त्यालाही पंचवीसेक वर्षं झाली. पण नगरमध्ये पत्ता असाच सांगतात. जिल्ह्याचं नाव बदललं, एसटीच्या पाट्या बदलल्या, तरी कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो. तिथं टॉकीज पाडलं म्हणून काय नाव टाकायचं? सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

कानिफनाथाला मात्र ठाऊक नव्हतं. दोन तास त्यानं मशीन गावभर मिरवलं. किल्ल्याला वळसा झाला, सीना नदी दोनदा ओलांडून झाली, आणि शेवटी शहराबाहेर भिंगारला पोचल्यावर त्यानं जोशुआला फोन केला.

“सायेब, मशीन देतो म्या हुडकून, पर तुमच्या आईला डाक्टरला दाखवा. त्यांनी सांगितलेली एक बी गोष्ट जाग्यावर न्हाई. लई भ्या वाटलं मला.”

झालं. ‘मम्मी, तू आता पुण्याला चल’ हे पालुपद जोशुआ तीन वर्षं आळवत होता. वडील गेल्यापासून त्याला आईची काळजी लागून राहिली होती, ते खोटं नव्हतं. आता त्याच्या हाती पुरावा आला. शनिवारी सकाळी तो दारात हजर झाला, तो डॉक्टरांची वेळ घेऊनच.

“डॉक्टर म्हणाले की डोकं ठीक आहे, तर मी पुन्हा विषय काढणार नाही,” तो म्हणाला. “नाहीतर घर भाड्यानं देऊन तू माझ्याकडे यायचं. कबूल?”

“कबूल,” बाई ताडकन म्हणाल्या आणि लगेच मनातून चरकल्या. राग आला की त्या कशालाही कबूल होत.

कारण खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. साडी नेसताना त्यांनी स्वतःचीच परीक्षा घेतली. निजामशाहीचे सुलतान, अहमद, बुऱ्हाण, हुसेन, मुर्तजा, ओळीनं आले. खापराच्या नळांनी शहरात पाणी कसं आणलं, तेही आलं. मग जिल्ह्याचे तालुके मोजायला घेतले, तर तेराच भरले. पुन्हा मोजले, पुन्हा तेरा. चौदावा काही केल्या सापडेना. रिक्षात बसल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिलंच नाही. हे घर, रविवारची चर्चमधली तिसऱ्या बाकावरची जागा, येता-जाता ‘बाई, बऱ्या आहात ना?’ विचारणारे लोक, हे सगळं एका तालुक्यापायी जातंय असं त्यांना वाटलं आणि त्या बोटांवर पुन्हा मोजू लागल्या.

दवाखाना तेलीखुंटाच्या पुढे होता. बाकावर दहा मिनिटं बसल्यावर बाई एकदम ओरडल्या, “जामखेड!”

शेजारचा पेशंट दचकून पलीकडे सरकला. जोशुआनं कपाळाला हात लावला.

डॉक्टर अजिनाथ काकडे मूळचे शेवगावचे, पन्नाशी ओलांडलेले आणि घाई नसलेले. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाईंनी वजाबाकी अशी सटासट केली की डॉक्टरांनाच मध्ये थांबून मोजावं लागलं. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला.

“आता दिल्ली दरवाज्यापासून तुमच्या घरापर्यंतचा रस्ता काढा.”

जोशुआ खुर्चीत सरसावून बसला. बाईंनी चष्मा नीट केला. रेघा सरळ, उत्तर दिशेचा बाण कोपऱ्यात, सगळं शिस्तीत. टॉकीज, टांगा अड्डा, बर्फाचा कारखाना आणि त्याच्या पुढे दोन गोल, जोडचिंच.

“बघा डॉक्टर,” जोशुआ हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता. तोही घाबरलाच होता.

डॉक्टर कागद जवळ घेऊन बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. बाईंनी पदराचं टोक घट्ट धरलं.

“हे चुकलंय,” डॉक्टर म्हणाले.

बाईंनी झटकन मान वर केली.

“चिंच कारखान्याच्या पुढे नव्हती, अलीकडे होती. मी कॉलेजला असताना तिथंच हॉस्टेलवर राहायचो. कारखान्यातून बर्फ आणायला निघालो की चिंच आधी लागायची.”

“काहीतरीच काय!” बाईंचा आवाज वर्गातला झाला. “तुम्ही हॉस्टेलकडून जायचा म्हणून तुम्हांला आधी लागायची. मी गेटाकडून येतेय. दिशा बघा ना!”

डॉक्टरांनी कागद उलटा फिरवला. डोळे मिटून हॉस्टेलच्या दारातून निघाले, बोटानं हवेत वळले आणि हसू लागले. “बरोबर आहे, बाई. पुढेच होती.”

“अहो, पण ती चिंच आता आहे कुठे?” जोशुआ न राहवून म्हणाला.

“ती तोडून जमाना झाला,” दोघंही एकदमच म्हणाले, आणि पुन्हा कागदावर वाकले, कारण टांगा अड्ड्यावरचा हौद कुठल्या बाजूला होता, हा वाद अजून मिटायचा होता.

तो मिटल्यावर डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. “आईंना काही झालेलं नाही. टेम्पोवाल्याला फक्त आज तिथं काय आहे तेही सांगत जा, बाई.” मग त्यांनी दुसरा कागद काढून जोशुआपुढे ठेवला. “आता तुम्ही. पुण्यात किती वर्षं झाली?”

“अकरा.”

“घरापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता काढा.”

जोशुआ हसत हसत पेन घेऊन बसला. घराचा चौकोन काढला, त्याच्यापुढे एक रेघ काढली. रेघ थोडी पुढे जाऊन थांबली. “इथं कुठेतरी उजवीकडे... मोबाईल सांगतो तसा वळतो मी.” त्यानं पेन खाली ठेवलं. “मला नाही माहीत डॉक्टर. दुसरं काहीच आठवत नाहीये.”

बाईंनी त्या एकट्या रेघेकडे बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना मुलाची दया आली. हा आपली काळजी करत होता, आणि याला स्वतःच्या घराबाहेर काय आहे ते सांगता येत नव्हतं.

रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, “मी येते पुण्याला.”

जोशुआ चमकून वळला. “पण तू तर जिंकलीस.”

“राहायला नाही, महिनाभर. तुला आणि स्टेलाला बघायला. पण न्यायला यायचं नाही. मी एसटीनं एकटी येणार आणि स्टँडपासून घरापर्यंतचा रस्ता तू मला तोंडी सांगायचास. जमेल त्या दिवशी फोन कर.”

सोमवारी सकाळी सव्वाआठला फोन वाजला. पलीकडून रस्त्याचा गोंगाट ऐकू येत होता.

“मम्मी, आमच्या गेटसमोर चाफा आहे,” जोशुआ म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी शाळेतून पळत आल्यावर व्हायचा तसा झाला होता. “केवढा मोठा आहे! अकरा वर्षं मी त्याच्याखालून गाडी काढतोय.”

बाईंनी वही ओढली आणि तारखेखाली ‘चाफा’ असं लिहिलं.

“बरं. त्याच्यापुढे काय आहे?”

“थांब, बघतो,” तो म्हणाला, आणि फोन कानाला लावूनच चालू लागला.