राजाचं रक्त आणि पापडखार

"हळद कुणाची?"

"आमची!"

"पाणी कुणाचं?"

"आमचं!"

"मग ह्यात भाऊसाहेबांचं काय?"

"काही नाही!"

ऑन्टॅरिओतल्या एटोबिकोच्या त्या बँक्वेट हॉलमध्ये अडीचशे माणसं एका सुरात ओरडली. फेब्रुवारी २०१७ मधला रविवार, सकाळचं सत्र. दाराशी स्नो बूट्सचा ढीग, त्यांच्यातून ओघळलेलं काळं पाणी थेट गालिच्यापर्यंत आलेलं. जो तो घरून हळद घेऊन आला होता. कुणी डबीत, कुणी झिपलॉकच्या पिशवीत. एका बाईंनी तर अख्खा मसाल्याचा डबाच मांडीवर घेतला होता. ह्यात बँकेत रिस्क मोजणारे होते, पुलांची डिझाइन तपासणारे होते, दोघे तर चक्क फार्मासिस्ट होते. शिकलेल्या माणसाला फसवायचं तर त्याच्याच हातात पुरावा द्यावा लागतो, आणि भाऊसाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं.

भाऊसाहेब म्हणजे राजर्षी भाऊसाहेब. दहा वर्षांपूर्वी हे गृहस्थ मराठी मंडळींच्या पिरॅमिड सहली काढायचे, बसमध्ये डोकी मोजायचे आणि दुपारच्या जेवणाला पुरणपोळी मिळेल म्हणून शब्द द्यायचे. आता अंगात पांढरा सूट, गळ्यात थाळीएवढा सोनेरी सूर्य. समोर काचेची पेटी, पेटीत पिवळट कापडाची पट्टी. तिला हात लावायचा नाही, कारण राजाचा शाप लागतो. भाऊसाहेब स्वतःसुद्धा चांदीच्या चिमट्याने धरत.

"हे राजवस्त्र तीन हजार वर्षांपूर्वी एका सम्राटाच्या देहाभोवती गुंडाळलेलं होतं," ते म्हणाले. "हा सम्राट कोण? गोरे पंडित अजून भांडतायत. ह्या राजाचा बाप कोण, त्या राणीचा मुलगा कोण, एकाचं दुसऱ्याला पटत नाही. का अडतात? कारण उत्तर नाइलच्या काठी नाहीच, शरयूच्या काठी आहे! ते राजे सूर्याला पूजत होते ना? मग सूर्यवंशी कोण?"

"आपण!"

"डीएनए कुणी दाबून ठेवला?"

ह्यावर कुणाला नाव सुचेना, पण टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी आपल्या हळदीत आपल्याच बाटलीतलं पाणी घातलं आणि चमचाभर त्या कापडावर ओतलं. पिवळं पाणी कापडाला लागलं मात्र, लाल झालं. लालभडक. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो डाग पसरत गेला. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल उंच धरले.

"राजाचं रक्त!" भाऊसाहेब गदगदले. "आपलं रक्त आपल्या हळदीला ओळखतं!"

चौथ्या रांगेत बसलेल्या छायाच्या अंगावरही काटा आला, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. ती लंडनच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स होती. लंडन म्हणजे आपलं ऑन्टॅरिओतलं. म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. आदल्या संध्याकाळी भाचीचा, अनुयाचा, फोन आला म्हणून सकाळी सहालाच गाडी काढून ती दोन तास बर्फातून इथे पोचली होती. अनुया फोनवर एवढंच म्हणाली होती, "आत्या, बाबाज टो इज ब्लॅक. इट स्मेल्स. प्लीज कम."

तो बाबा, म्हणजे छायाचा थोरला भाऊ नंदकुमार, शेजारी बसून डोळे पुसत होता. बूट घालवत नव्हता म्हणून एका पायात मोठी लोकरी चप्पल.

स्टेजवर आता पाकिटं आली. "राजक्षार! राजाचा देह चाळीस दिवस ह्याच क्षारात ठेवला होता. तीन हजार वर्षं झाली, पायाची दहाही बोटं शाबूत! मग तुमचा मधुमेह, तुमची जखम ह्याच्यापुढे काय टिकणार?" व्यवस्थापक चिरागने माइकवर जाहीर केलं की देणगी ऐच्छिक आहे, पाकीट मात्र देणगीनंतरच मिळेल.

"बघितलंस?" नंदकुमार म्हणाला. "आता बोल."



नंदकुमारचं घर तिथून दहा मिनिटांवर. बेसमेंटमध्ये प्लास्टिकचा टब होता, आणि त्यात राजक्षाराचं पाणी. नंदकुमारने मोजा काढला तेव्हा छायाने अठरा वर्षांच्या सवयीने चेहरा हलू दिला नाही. डाव्या पायाचा अंगठा कोळशासारखा काळा, शेजारचं बोट जांभळं, आणि घोट्यापर्यंत लालसर सूज चढलेली. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेला, त्यामुळे त्याला कळ अशी येतच नव्हती.

"सर्जन काय म्हणाला होता?"

"अंगठा काढू म्हणाला. पाच आठवडे झाले." तो हसला. "मी का म्हणून काढू देऊ? बघ, सुकतोय. दुखायचं पण थांबलं. तेहेतीस दिवस झाले, आता सातच राहिले."

"दादा, तो सुकत नाहीये, मेलाय! मेलेलं दुखत नसतं. आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत चल."

"काऊन एवढी ओरडतेस? तुझं नेहमीचंच आहे, नागपूरला होतीस तेव्हापासून." नंदकुमारचं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, अशी ऑफिसात त्याची ख्याती. "मी काही आंधळा भक्त नाही, छाया. मी टेस्ट केलं. हळद आपली. तुझ्या वहिनीने, शुभदाने स्वतःच्या हाताने नेली होती, पाणी आपल्या नळाचं. तीन वेळा नेली, तीन वेळा लाल. ते कसं होतं एवढं तू मला सांग. सांगितलंस तर आत्ता, ह्या चपलेवर येतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर सात दिवस गप्प बस."

अनुया जिन्यावर बसली होती. "बाबा, प्लीज," एवढंच म्हणाली आणि गुडघ्यात तोंड खुपसलं. छायाला वाटलं, ह्या शहाण्या माणसाच्या एक कानाखाली द्यावी आणि उचलून गाडीत टाकावं. पण कानाखाली मारून कुणाची खात्री पटत नाही.

तेवढ्यात वरून शुभदा आली. आमटीला फोडणी घालून, हळदीचे हात तसेच पदराला पुसत. टब जड होता, म्हणून तिने तो सरकवायला हात घातला. काठावरचं पाणी बोटांना लागलं आणि तिची बोटं लाल झाली.

"अहो, बघा!" ती बोटं पुढे करत म्हणाली.

"क्षारातसुद्धा तेच तेज आहे!" नंदकुमारने हात जोडले.

छाया मात्र नागपूरच्या गच्चीवर पोचली होती. एप्रिलची उन्हं, पापडाचं पीठ, आणि आई ओरडतेय, "हळदीच्या हाताने पापडखाराच्या पाण्याला शिवू नका गं, सगळं लाल करून ठेवाल!" दोघं भावंडं मुद्दाम बोटं बुडवायची आणि रक्त आलं म्हणून शेजारणीला घाबरवायची. तिने टबातल्या पाण्यात बोट बुडवलं. बुळबुळीत. साबणासारखं.

"दादा," ती म्हणाली, "तीनचं सत्र आहे ना? चल. इथे सांगितलं तर त्यालाही तेज म्हणशील, तिथे त्याच कापडावर दाखवते."

वाटेत तिने ग्रोसरीतून पापडखार आणि चार लिंबं घेतली.

तीनच्या सत्राला गर्दी सकाळपेक्षाही जास्त होती. हळद कुणाची, पाणी कुणाचं, सगळं यथासांग झालं. कापडाची नवी पट्टी लाल झाली, हुंदके आले. तेव्हा छाया उठली आणि सरळ स्टेजजवळ गेली.

"भाऊसाहेब, एक शंका आहे."

"विचार, मुली."

"हळद आमची, पाणी आमचं. कापड कुणाचं?"

 हॉलभरच्या हुशार माणसांपैकी हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. जे तपासायला दिलं होतं ते सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासलं. ज्याला हात लावू दिला नाही, त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

"कापड राजाचं," भाऊसाहेब म्हणाले. "हात लावशील तर शाप लागेल."

"लागू दे." तिने पर्समधून स्वतःचा रुमाल काढला, बाटलीत कालवलेल्या पापडखाराच्या पाण्यात बुडवला, पिळला, आणि सकाळपासून थांबलेल्या मसाल्याच्या डब्यावाल्या बाईंपुढे धरला. "काकू, घाला तुमची हळद."

काकूंनी घातली. रुमाल लालभडक.

"हा रुमाल मी वॉलमार्टमधून घेतलाय," छाया म्हणाली. "ह्यात कुठला सम्राट गुंडाळलेला नव्हता. हळदीला खार लागला की ती लाल होते. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. हळदीचा डाग साबणाने धुताना काय होतं?"

"लाल होतो," मागून एक बाई हळूच म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"कापड आधीच खाराच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं आहे. आणि आता हे बघा." चिराग धावत येईपर्यंत तिने पेटीत हात घालून कापून आणलेलं लिंबू पिळलं. राजाचं रक्त सगळ्यांच्या देखत पिवळं पडलं.

चिरागने माइक बंद केला. भाऊसाहेब ओरडले, "लिंबू तामसी आहे! तेजाचा नाश करतं!" कुणीतरी फिसकन हसलं. पण एक गृहस्थ रागाने उभे राहिले, "आमच्या श्रद्धेचा अपमान करायचा कुणी अधिकार दिला तुम्हाला?" आणि तीन-चार जणांनी त्यांच्या बोलण्यावर माना डोलावल्या.

छायाला माइकची गरज नव्हतीच. "हा राजक्षार म्हणजे सोडा आणि मीठ! इजिप्तमध्ये आटलेल्या तळ्यांच्या काठी तो मिळायचा. त्यात देह ठेवत, हे खरं आहे. पण आधी पोट फाडून आतडी, फुप्फुसं काढून! अंगातलं पाणी शोषून घ्यायचं, म्हणजे कुजायला ओल उरत नाही. बोंबील सुकवतात तसं. ते कारागीर फार हुशार होते, त्यांना आपण काय करतोय हे नीट माहीत होतं. हा क्षार मेलेल्यांसाठी होता! त्यात ठेवलेला एक तरी राजा उठून चालला का? सांगा ना, भाऊसाहेब, एक तरी?"

भाऊसाहेबांनी गळ्यातला सूर्य सारखा केला आणि शाप, शाप असं काहीतरी पुटपुटले.

चौथ्या रांगेत नंदकुमार उभा राहिला. खुर्च्यांना धरत, एक पाय ओढत तो पुढे आला. चेहरा पांढराफटक. छायाच्या हातातला रुमाल त्याने घेतला, लिंबाच्या थेंबाने पुन्हा पिवळं झालेलं तिचं बोट पाहिलं.

"गच्चीवर," तो म्हणाला. "आई ओरडायची."

"हो, दादा."

"मला आठवत होतं गं. मी आठवू दिलं नाही." मग म्हणाला, "चल."

इमर्जन्सीतल्या डॉक्टर तरुण होत्या, फार सौम्य बोलल्या. विष घोट्याच्या वर चढलं होतं. पाच आठवड्यांपूर्वी फक्त एक अंगठा गेला असता. आता गुडघ्याखालून पाय काढावा लागला. शुभदा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून विचारत होती, "एक दिवस आधी आलो असतो तर?" आणि छायाने, जिने आयुष्यभर रुग्णांशी खरं बोलायचं व्रत घेतलं होतं, तिने पहिल्यांदा खोटं सांगितलं, "नाही वहिनी, काही फरक पडला नसता."

भाऊसाहेबांचं काय झालं? काही नाही. आपल्याला शिक्षा झालेली आवडते, पण झाली नाही. पाकिटावर बारीक अक्षरात 'केवळ पूजेसाठी' असं छापलेलं होतं. मे महिन्यात देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या सरे शहरातून कुणीतरी पोस्टर पाठवलं. तोच सूट, तोच सूर्य, स्कायट्रेनच्या स्टेशनपासून पाच मिनिटांवरचा हॉल. खाली एक नवी ओळ होती : कृपया लिंबू आणू नये. आणि नंतर कळलं, हॉल भरला होता.

जूनमध्ये मराठी मंडळाच्या सहलीला नंदकुमार नवा पाय लावून आला. उद्यानातल्या बाकावर त्याने हळद, पापडखार आणि लिंबू मांडलं आणि मुलांना बोलावलं. मुलं आली, हसली, बोटं लाल-पिवळी करून गेली. अनुया त्यांना इंग्रजीत समजावत होती. मोठी माणसं मात्र भेळेच्या रांगेतच उभी राहिली. फेब्रुवारीत ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांना त्याच्या पायाकडे पाहवत नव्हतं. मसाल्याच्या डब्यावाल्या काकू तेवढ्या जवळ आल्या.

"नंदकुमार, ते कापड खोटं होतं, मान्य. पण ते राजे आपलेच होते, हे तरी खरं असेल ना?"

छायाचं पित्त खवळलं. पण नंदकुमार शांत होता.

"काकू, ते राजे इजिप्तचे होते आणि तिथे त्यांचीच माणसं सूर्याला पूजत होती. त्यातल्या कुणाचा बाप कोण, ह्यावर शिकलेले लोक अजून वाद घालतात, हाडं तपासतात, आणि जिथे कळत नाही तिथे माहीत नाही म्हणून लिहून ठेवतात. मला तेव्हा ते अडाणी वाटायचे. भाऊसाहेबांना सगळं माहीत होतं, म्हणून ते मोठे वाटले." त्याने लिंबाची फोड बाजूला ठेवली. "एवढंच सांगतो. जी वस्तू तुम्हाला तपासायला देतात ती सोडा. जिला हात लावू देत नाहीत, तिला आधी हात लावा. आणि जखम झाली तर डॉक्टरकडे जा, त्याच दिवशी जा."

काकूंनी मान हलवली, आणि जाता जाता हळूच वाकून त्याच्या नव्या पायाला हात लावून नमस्कार केला.

"काकू, नका हो," नंदकुमार ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "प्लास्टिक आहे ते!"