चहाच्या गंजातली हिरवी बाटली

मित्रांनो, मी एक जुना गंज आहे. आमच्या यवतमाळकडे पातेल्याला गंज म्हणतात, तेव्हा गोंधळू नका. धातू जर्मनचा, म्हणजे तुमच्या पुस्तकातला अ‍ॅल्युमिनियम. बूड काळं, काठ एका बाजूने चेपलेला आणि अंगात आल्याचा वास कायमचा मुरलेला. भागीरथाबाईंनी मला नेरच्या बाजारात गफ्फारभाईंच्या दुकानातून घेतलं. आधी स्वतः बोटाने वाजवून पाहिलं, मग नवऱ्याला, घनश्यामरावांना, वाजवायला लावलं. दोघांचं एकमत झालं तेव्हा कुठे मी या घरात आलो.

माझं काम एकच, चहा. कापूस वेचायला बाया आल्या की मी काठोकाठ भरायचो. चहा लालभडक होईपर्यंत भागीरथाबाई मला विस्तवावरून उतरवत नसत. आपल्या घरी कुणी कच्चा चहा प्यायला, असं बोलणं आलं तर त्यांना तो घराण्याचा अपमान वाटे. पाहुणे घोट घेऊन मान डोलवत. कौतुक बाईंचं व्हायचं आणि चटके मला बसायचे, पण माझी तक्रार नव्हती.

गेल्या आषाढात त्यांची धाकटी बहीण उर्वशी उमरखेडहून आली. ती बारीक होऊन आली, हेच मुळात बाईंना झोंबलं. जाताना ती ग्रीन टीचा पुडा आणि त्याच पानांच्या अर्काच्या कॅप्सूलची हिरवी बाटली ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पानं माझ्यात पडली. मित्रांनो, त्यांच्यावर नुसतं गरम पाणी ओतून थोडा वेळ झाकायचं असतं. हे मला ठाऊक नव्हतं आणि बाईंनाही नव्हतं. त्यांनी आलं ठेचलं, साखर घातली, दूध ओतलं आणि नेहमीसारखं कडक उकळलं. म्हशी डुंबून गेल्यावर तळ्याला येतो तसा रंग आला. घनश्यामरावांनी एक घोट घेतला आणि कपाकडे बघत राहिले.

"हे प्याचं हाये का पऱ्हाटीवर फवाराचं?" त्यांनी विचारलं. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडची कपाशी.

सून अपेक्षा ओढणी तोंडाला लावून हसली. घनश्यामराव तर ती गोष्ट पारावर सांगून आले. माझ्या बुडाला दूध असं लागलं होतं की घासूनही डाग गेला नाही, म्हणून अपेक्षाने स्टीलचा नवा गंज काढला आणि मला वरच्या फळीवर ठेवलं. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं उकळलो आणि एका हिरव्या पाल्यापायी घरातल्या घरात परका झालो.

भागीरथाबाईंनी मग त्या विषयावर बोलणंच सोडलं. कॅप्सूल मात्र सोडल्या नाहीत. मला आता कुणी खाली काढत नाही हे हेरून त्यांनी ती बाटली माझ्या पोटात लपवली.

बाटलीवर लिहिलं होतं, जेवणानंतर एक. पण श्रावण लागला आणि बाईंचे उपास सुरू झाले. गोळी चालते की नाही, यावर त्या फळीखाली उभ्या राहून विचार करत आणि मग स्वतःलाच सांगत, "पाल्याचंच त हाये, उपासाले चालते." उपाशीपोटी एक घेत. वजन लवकर उतरावं म्हणून आणखी एक घेत. पुढे उपास नसतानाही तीच सवय लागली. मी वर बसून जीव तोडून ओरडत होतो, पण गंजाचा आवाज खाली पडल्याशिवाय येत नाही.

पोळ्याला त्यांनी पुरणपोळी ताटात तशीच ठेवली. मळमळ, पोटात दुखणं, अंगात त्राण नाही. एका सकाळी त्या बाटली काढायला माझ्यात डोकावल्या, तेव्हा मला त्यांचे डोळे दिसले. पार पिवळे झाले होते. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली.

घनश्यामराव त्यांना यवतमाळला घेऊन गेले. कोणकोणती औषधं घेता, असं डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी सांगितलं, बीपीची एक, बाकी काही नाही. तपासणीत लिव्हरला सूज निघाली, पण कारण काही सापडेना. घरी आल्यावर अपेक्षाने सासूसाठी मऊ भात शिजवायला घेतला. नव्या गंजात दूध होतं, म्हणून तिने मला खाली ओढलं. आतली बाटली खडखडली.

"आई, हे कायचं औषध हाये?"

"औषध नोय ते. पाला हाये."

अपेक्षाने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. घनश्यामराव खाटेच्या कडेला बसले.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी हासता," बाई म्हणाल्या.

घनश्यामरावांनी ती बाटली मुठीत धरून ठेवली.

डॉक्टरांनी कॅप्सूल तात्काळ बंद केल्या आणि बाईंना काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. कपभर ग्रीन टी वेगळा आणि कॅप्सूलमधला दाट अर्क वेगळा, असं त्यांनी समजावलं. हा अर्क काहींच्या लिव्हरला बाधतो, त्यातून उपाशीपोटी जास्तच. दुसऱ्या औषधांशीही त्याचं कधी कधी जमत नाही. लिव्हर बरं होईपर्यंत कपातलाही नको, पुढचं पुढे विचारून. दिवाळीपर्यंत बाईंचे डोळे पांढरे झाले आणि माझ्यात पुन्हा आल्याचा चहा उकळला.

नंतरच्या तपासणीला मीसुद्धा बसने यवतमाळला गेलो. काय काय घेता, असं डॉक्टरांनी विचारताच भागीरथाबाईंनी मला पिशवीतून काढून थेट टेबलावर ठेवलं. माझ्यात बीपीची गोळी होती, गुडघ्याचं तेल होतं, गॅसचं चूर्ण होतं, उर्वशीने नव्याने धाडलेला काढा होता. डॉक्टर एकेक वस्तू बाहेर काढत गेले. तळाशी एक पुडी निघाली. ती बाईंची नव्हती; निघायच्या आधीच कुणीतरी ती गुपचूप माझ्यात टाकली होती. घनश्यामराव खिडकीबाहेर बघू लागले. पुडीवर लिहिलं होतं, टकलावर हमखास केस, रोज पोटातून घेणे.

"हे मले काहून नाई सांगतलं?" बाईंनी विचारलं.

"तू हासशीन म्हणून."

मित्रांनो, घरातलं कुणी काही नवीन गिळत असेल तर आधी हसू नका. आधी विचारा, आणि मग पाला असो की पावडर, सगळं डॉक्टरांपुढे मांडा. हसायला नंतर वेळ असतोच. परतीच्या बसमध्ये भागीरथाबाई मला मांडीवर घेऊन नेर येईपर्यंत हसत होत्या.