डरकाळी पार्कमधले डोळे

डरकाळी पार्कमधल्या सगळ्या प्राण्यांचे डोळे गणपतीचे होते. हत्तीचे तर होतेच, पण गेंड्याचे, मगरीचे आणि गोरिलाचेही. लांबट, कडेला किंचित वर गेलेले, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. गेंड्यासमोर उभं राहिलं तरी त्याच्याकडे काहीतरी मागावंसं वाटायचं.

ते डोळे माझ्या बाबांनी काढले होते, आणि बाबांना दुसऱ्या प्रकारचे डोळे काढताच येत नव्हते.

बाबा म्हणजे सहदेव घाडी. कणकवलीजवळच्या आमच्या गावात गणपतीची शाळा होती. तिकडे मूर्तींच्या कारखान्याला शाळाच म्हणतात. तिथे ते लहानपणी शिकले. मुंबईत आजोबांची गिरणी बंद पडली, तेव्हा वीस वर्षांचे बाबा गोरेगावच्या एका कारखान्यात लागले ते आखणीला. मूर्ती दुसरे घडवायचे, रंग तिसरेच द्यायचे, आणि सगळं झाल्यावर डोळे आखायला बाबा बसायचे. आधी पापणीची रेघ, मग बुबुळ, मग बाहुली, आणि शेवटी सगळ्यात बारीक ब्रशने एक पांढरा ठिपका. त्या ठिपक्याला बाबा दिवा म्हणायचे. "दिवा लागल्याशिवाय तो बघत नाय," ते सांगायचे.

गोराईला हे पार्क झालं १९९८ साली. फायबरचे चौदा प्राणी बाहेरून आले, पण डोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या होत्या आणि मालकाच्या नातवंडांना त्यांची भीती वाटली. म्हणून कोणीतरी बाबांना बोलावलं. चार दिवस काम चाललं. मालक इतके खूश झाले की दरवर्षी आम्हाला पास येऊ लागले.

आमची जायची वेळ ठरलेली होती. अनंत चतुर्दशी झाली, कारखाना रिकामा झाला की त्यानंतरचा दुसरा रविवार. बोरिवलीच्या जेटीवरून बोटीने खाडी ओलांडायची. आईच्या पिशवीत घावणे आणि चटणी. सिद्धेशदादा पाळण्यांकडे पळायचा. मी मात्र बाबांबरोबर फिरायचे, कारण बाबा जे करायचे ते मला कुठल्याही पाळण्यापेक्षा मजेशीर वाटायचं. ते नळाखाली रुमाल भिजवायचे, घट्ट पिळायचे आणि एकेका प्राण्याचे डोळे पुसत जायचे. जिराफापर्यंत हात पोचायचा नाही, तर मला खांद्यावर घ्यायचे आणि मी पुसायचे.

"अहो, लोक बघतायत," आई म्हणायची.

"बघूंदेत की. हेपण बघूंदेत लोकांका, म्हणून तर पुसतंय."

ही सहल माझ्यामुळे बंद पडली, असं मला बरीच वर्षं वाटत आलंय. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्राणिशास्त्र. त्या वर्षी जेवताना मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "बाबा, तुमच्या मगरीची बाहुली चुकलीय. मगरीची उभी चीर असते, मांजरासारखी. गोल नसते. आणि हत्तीचे डोळे असे पुढे बघत नाहीत."

बाबा म्हणाले, "असात." आणि भात कालवत राहिले.

पुढच्या वर्षी पास आले, पण बाबा म्हणाले, दमलोय. त्यानंतर लॉकडाऊन आला, मालक बदलले, पास यायचे थांबले.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, गंभीर नाही, पण बारीक काम जमणार नाही. यंदा गणपतीच्या आधीचे तीन महिने बाबा दिंडोशीच्या आमच्या घरात बसून होते. अडतीस हंगाम, हंगामाला साधारण एकशे ऐंशी मूर्ती. मी एकदा हिशेब केला, तेरा हजार सहाशे ऐंशी डोळे होतात. त्यांतला एकही आज शिल्लक नाही. सगळे दीड दिवस, पाच दिवस, फार तर अकरा दिवस बघून पाण्यात गेले. फोटो आहेत, पण त्यांत मूर्ती एवढीशी आणि पुढे आमचीच डोकी.

ऑक्टोबरमध्ये दादाने मोबाइलवर बातमी दाखवली. डरकाळी पार्क दिवाळीनंतर बंद होणार, जुने प्राणी काढून हलणारे, ओरडणारे नवे बसवणार.

बाबांनी बातमी दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "एकदा जाऊन येऊया. माझं एखादं काम बघून येतो."

बाबा स्वतःसाठी काही मागत नाहीत. त्यामुळे लगेच ठरलं. दादाला सुट्टी नव्हती, त्याने त्याची सहा वर्षांची इरावती आमच्याकडे दिली. रविवारी सकाळी बाबा, आई, मी आणि इरा बोटीत बसलो. बाबांच्या खिशात इस्त्री केलेला पांढरा रुमाल होता.

दारातच हत्ती होता. मी आधी बघितलं आणि वाटलं, बाबांना जरा उशिरा दिसावा. हत्ती चमचमत्या जांभळ्या रंगाचा झाला होता. डोळ्यांच्या जागी मोठे गोल स्टिकर, निळे.

"आजोबा, हा तुम्ही केला?" इराने विचारलं.

"मी नाय गो," बाबा म्हणाले. "तू आत चल, आत असतील."

मी फोनमध्ये चौदा प्राण्यांची यादी केली होती. आणि बाबांचा डोळा ओळखायची एक पक्की खूण मला माहीत होती. गोरेगावच्या कारखान्यात खिडकी एकच, बाबांच्या डाव्या हाताला. त्यामुळे त्यांचा दिवा दोन्ही डोळ्यांत एकाच जागी लागायचा, घड्याळात दहा वाजतात तिथे. प्रकाश एका बाजूने आला तर खऱ्या डोळ्यातही तसंच दिसतं. बाकीचे रंगारी एका डोळ्यात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे ठिपका देतात, आरशातल्यासारखा. ते नीटनेटकं दिसतं, पण नजर कुठेच लागत नाही.

गेंड्याचे ठिपके आरशातले. जिराफाचे तसेच. पाणघोड्याचा जबडा तुटला होता आणि डोळ्यांवर सरळ काळा रंग मारला होता. झेब्रा, अस्वल, सिंहाची जोडी. मी यादीत एकेक फुली मारत गेले. बाबा प्रत्येकासमोर थांबायचे, हात मागे बांधून वाकून बघायचे, पुढे जायचे. रुमाल खिशातच.

गोरिलापाशी एक माणूस शिट्टी गळ्यात अडकवून उभा होता. नंदकुमार असं छातीवर लिहिलेलं होतं. मी त्याला विचारलं.

"मालक बदलल्यापासून दरवर्षी रंगाचं कॉन्ट्रॅक्ट निघतं, मॅडम," तो म्हणाला. "यादी असते, चौदा प्राणी. जो येतो तो पोतेरं मारून जातो. पहिले डोळे मस्त होते यार. मी नवीन लागलो तेव्हा लोक हत्तीपुढे चपला काढायचे. जास्वंद ठेवायचे!"

"ते ह्यांनी काढले होते," आई म्हणाली.

नंदकुमारने बाबांकडे बघितलं आणि शिट्टी हातात धरून राहिला. "काका, तुम्ही? आयला... मग जरा लवकर यायचं ना!"

मगर शेवटची होती, तळ्याच्या कडेला. ती हिरवीगार होती आणि कोणीतरी तिची बाहुली उभी चीर केली होती. शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर. मला तिच्याकडे बघवेना.

"घे, ही तुझ्या पुस्तकातली," बाबा म्हणाले. हसून म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

मी खाली बसले आणि घराच्या किल्लीने मगरीच्या पापणीवरचा हिरवा पोपडा खरवडू लागले. तीन-चार थर होते. खाली पिवळट काहीतरी दिसलं.

"ऋतू, थांब."

"बाबा, खाली असेल. एक मिनिट."

"थांब म्हटलं ना! खरवडू नको. तेही कोणाचं तरी काम आहे." त्यांनी किल्ली माझ्या हातातून घेतली. त्यांच्या हातात किल्ल्या वाजत होत्या. "संपलं. बघितलं, झालं. चल, पोरीला भूक लागली असेल."

कँटीनमागच्या बाकांवर आम्ही घावणे खाल्ले. बाबांनी एकच खाल्ला. इराला कुल्फी घेऊन दिली. त्या बाकांवर बसून बाबा पूर्वी काय काय सांगायचे, कुठल्या डोळ्याला किती वेळ लागला, गोरिला आखताना पाऊस कसा आला... आज ते खाडीच्या दिशेने बघत होते. सहा वर्षांपूर्वीच्या एका वाक्याची माफी कशी मागतात, मला माहीत नव्हतं.

आई कागदी बश्या गोळा करून हात धुवायच्या नळाकडे गेली. बराच वेळ आली नाही. मग तिचा आवाज आला.

"अहो. इकडे या."

"काय झालं?"

"या म्हणते ना!"

नळाच्या पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात, एक पेंग्विन होता. कमरेएवढा, फायबरचा, चोच वासून उभा. कचऱ्याचा डबा. पोटावर 'मला कचरा द्या' असं लिहिलेलं, त्यातला 'द्या' निम्मा उडालेला. पांढरा रंग पिवळा पडला होता, चोचीचं टोक तुटलं होतं. आई बश्या हातात धरून त्याच्यासमोर उभी होती. तिने त्या टाकल्या नव्हत्या.

"मला तुमचे ठिपके-बिपके कळत नाहीत," ती म्हणाली. "पण हा माझ्याकडे बघतोय."

मी वाकले. डोळ्यांवर धुळीचा आणि चिकट कसला तरी थर होता. त्याखाली लांबट पापणी, कडेला किंचित वर गेलेली. आणि दोन्ही डोळ्यांत, दहा वाजतात तिथे, पांढरा ठिपका.

"बाबा."

बाबा आले. वाकून बघितलं. मग एकदम कपाळावर हात मारला. "कचऱ्याचे डबे! अरे देवा. चार होते. शेवटच्या दिवशी मालक म्हणाले, रंग उरलाय तर यांचेपण करून टाका. दुपारी तासाभरात मारले. मी ते कधी मोजलेच नाहीत."

मागून नंदकुमार आला होता. "तीन तुटले, काका. ओल्या-सुक्याचे नवीन डबे आले ना. हा एक राहिला."

"आणि हा कसा नाही रंगवला कोणी?" मी विचारलं.

"तो प्राण्यांत येत नाही, मॅडम. सफाईवाल्यांच्या यादीत येतो. त्यांच्याकडे रंगाचं कॉन्ट्रॅक्टच नाही."

बाबांनी खिशातून रुमाल काढला, नळाखाली भिजवला आणि पिळला. मग पेंग्विनसमोर उकिडवे बसले. हात थरथरत होता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि आधी डावा डोळा पुसला, मग उजवा. पाच-सहा वेळा. रुमाल काळा झाला. डोळे वर आले, काळे आणि ओले.

बराच वेळ बघून बाबा म्हणाले, "उजवी बाहुली खाली गेली. घाई केली मी." हे ते एवढ्या समाधानाने म्हणाले की आईला हसू आलं. मग मान न वळवता त्यांनी मला विचारलं, "काय गो, पेंग्विनाची बाहुली कशी असता?"

काही जातींत ती उन्हात चौकोनी होते, हे मला माहीत होतं. बहुतेकांची मात्र गोलच असते.

"गोल," मी म्हटलं. "गोल असते, बाबा. बरोबर आहे."

"म्हणजे एक तरी पास झाला."

"बाबा, तेव्हा मी ते मगरीचं—"

"तेव्हाच तिकडे नेऊन दाखवायचं होतंस," ते म्हणाले. "दुरुस्त केली असती. मी वाट बघत होतो, तू चल म्हणशील म्हणून."

नंदकुमार घसा खाकरून म्हणाला, "काका, दिवाळीनंतर हा भंगारात जाणार. तुम्हाला देतो ना. आत्ताच न्या, मी बोलतो साहेबांशी."

"बोटीतून? घरी कुठे ठेवायचा?" आई म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "गॅलरीत मावेल."

बाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "आत्ता नको. दिवाळीपर्यंत ड्यूटी आहे त्याची. मग येतो न्यायला. माझा नंबर लिहून घे."

नंदकुमार नंबर लिहून घेत असताना इरा कुल्फीची काडी घेऊन पेंग्विनसमोर आली आणि थबकली. डब्याकडे बघितलं, मग आजोबांकडे.

"टाकू?"

"टाक की," बाबा म्हणाले आणि बाजूला झाले. "पण त्याच्याकडे बघून टाक."