चार नंबर पास

आमच्या मच्छीमार संस्थेच्या सहा वॉकीटॉकी माझ्या ताब्यात असतात. बाहेरचा माणूस हे ऐकतो आणि लिलाधरकडे बघतो. लिलाधर म्हणजे माझा नवरा. तो डोंगा वल्हवतो, जाळं टाकतो, आणि बॅटरीचं काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवतो. एवढी अक्कल सगळ्या नवऱ्यांना असती तर या तालुक्याचं कधीच भलं झालं असतं.

गाव आमचं अड्याळच्या पुढं, धरणामुळं आलेल्या नदीच्या फुगवट्याला लागून. काठावर मोबाइलला एखादी दांडी असते, पाण्यात अर्धा कोस गेलं की तीही नाही. दोन वर्षांमागं इश्वरचा डोंगा वाऱ्यानं पालथा झाला. दोन तास तो त्या पालथ्या डोंग्याला धरून होता, आणि आम्ही काठावर म्हणत होतो, गेला असेल पलीकडं चहा प्यायला. तो वाचला, त्यात आमचा कोणाचाच हात नाही. त्यानंतर अर्ज केले, खेटे घातले, आणि जिल्ह्याच्या एका योजनेतून या सहा वॉकीटॉकी आल्या. लांब जाणाऱ्या चार डोंग्यांवर चार, एक काठावर माझ्याजवळ, एक राखीव. वर्षातून एकदा तपासणी. अर्ध्याहून जास्त बॅटऱ्या नापास निघाल्या तर सगळे सेट परत, दुसऱ्या गावाला.

चार्जिंग कोण बघणार म्हणून अध्यक्षांनी, म्हणजे केवळराम काकाजींनी, सभा घेतली. बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. मी म्हटलं, मी बघते.

"येते काय तुले?" काकाजींनी विचारलं.

"तुमाले येते काय?"

सभा संपली.

येत मला काहीच नव्हतं. सेट घेऊन आलेल्या माणसानं सांगितलं होतं, "ताई, हिरवी लाइट आली की काढा, बाकी डोकं लावू नका." डोकं लावू नका म्हणणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. डोकं काय नुसती टोपली ठेवायला दिलंय? मी अड्याळच्या मोटार वायंडिंगवाल्याकडून एक मीटर आणला आणि लावलं डोकं.

बॅटरीवर छापलंय सात पॉइंट चार व्होल्ट. चार्जरवरून काढून मोजली तर आठ पॉइंट तीन सहा. मी घाबरले. म्हटलं, जास्त भरली, आता फुटते. कोणी हात न लावता तासाभरानं तीच बॅटरी आठ पॉइंट दोन सहा. म्हटलं, गळते. डोंग्यावर जाऊन आली तर सात पॉइंट सहा. एक बॅटरी आणि चार आकडे. कोर्टात चार साक्षीदार असे बोलले असते तर आरोपी सुटला असता.

सोडवलं ते माझ्या सासूनं. मंदाबाई तिचं नाव, आम्ही आत्याबाई म्हणतो. अंगणात मासोळ्या धूत होती आणि माझं चाललेलं बघत होती.

"चार्जरवरून काढल्याबरोबर मोजते काय वो?"

"हो."

"मासोळी पाण्यातून काढल्याबरोबर तोलतो काय आपण? टोपली निथळू देतो का नाई? नाई त मंग पाणीच तोललं जाते. गिऱ्हाईक शिव्या देते ते वेगळंच."

आत्याबाईनं आयुष्यात मीटर हातात धरला नाही. पण त्या दिवसापासून मी बॅटरी काढली की तासभर निथळू देते, मग मोजते. आकडा तिथंच थांबतो. वही घातली, रोज लिहू लागले. महिनाभरात उमजलं की भरलेली बॅटरी सव्वाआठच्या आसपास असते, सहाच्या जवळ गेली की सेट मरतो, आणि मधला सगळा वेळ ती सात-साडेसातच्या आसपास रेंगाळते. छापलेला सात पॉइंट चार हा त्या मधल्या वाटेचा आकडा. कोणी खोटं बोलत नव्हतं. चारी साक्षीदार खरे होते, फक्त वेगवेगळ्या वेळचं सांगत होते. हे कळलं त्या दिवशी मला जेवण जरा जास्तच गेलं.

एक चार नंबरची बॅटरी मात्र वहीत बसेना. निथळून मोजली तरी आठ पॉइंट दोन. दिसायला भारीच. आणि डोंग्यावर नेली की लिलाधरचा आवाज यायचा, "ज्योत्सना, वारा सुट..." आणि खलास. परत आणून मोजावी तर पुन्हा आठ.

"अशी कशी वो ही?" मी लिलाधरला विचारलं.

तो जाळं सांधत होता. वर न बघताच म्हणाला, "काठावर पालथे असले का सगळेच डोंगे चांगले दिसतात. डांबर नवं असलं त अजून चांगले. गळते कोणतं, ते पाण्यात घातल्यावर समजते."

"मंग हिलेबी पाण्यात घालू."

"बॅटरीले?"

"तुमाले नाई समजत."

मोटरसायकलच्या हेडलाइटचा जुना बल्ब घेतला, त्याला दोन वायरी लावल्या. बॅटरीला बल्ब जोडायचा आणि बल्ब पेटलेला असतानाच मोजायचं. बल्ब म्हणजे ओझं, आणि ओझं दिलं की कळतं. बाकीच्या बॅटऱ्यांचा आकडा थोडा उतरायचा आणि पाय रोवून उभा राहायचा. चार नंबरचा बल्ब भक्कन पेटून लाल व्हायचा, मग विझायचा. वहीत लिहिलं, "चार नंबर: दिसते भारी, पेलत नाही." ती राखीव सेटला लावली, कपाटात ठेवली, आणि पाण्यात कधी पाठवली नाही.

आणि यंदा तपासणीला साहेब आले. न सांगता, सकाळी अकराला. डोंगे नुकतेच काठाला लागले होते. साहेब समाजमंदिरात खुर्चीवर बसले, पिवळा मीटर काढला, एक छापील कागद काढला. बॅटऱ्या मागवल्या. मी चार डोंग्यांवरच्या आणि माझी अशा पाच आणल्या, आणि कपाटातून सहावी.

साहेबांनी मीटरच्या काड्या टेकवल्या. "सात पॉइंट पाच सहा. नापास."

"साहेब, ह्या आताच पाण्यातून आल्या," मी म्हटलं. "पहाटे पाचपासून चालून राहिल्या."

"असेल. कागदावर आहे, सात पॉइंट आठच्या खाली नापास." पुढची घेतली. "सात पॉइंट पाच एक. नापास."

"चार्ज करून मोजायच्या का वापरून आल्यावर, ते कागदावर हाये काय?"

साहेबांनी कागद उलटून बघितला. मागं कोरा होता. "तसं काही नाही."

"मंग पंगतीतून उठलेला अन् वावरातून आलेला, दोघाची पोटं चाचपून कोण तगडा ते ठरवता काय?"

केवळराम काकाजी खाकरले. साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पाचही नापास झाल्या. मग त्यांनी सहावी घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आठ पॉइंट दोन दोन! ही बघा. एक तरी नीट ठेवली म्हणायची. चार नंबर पास."

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. साहेबांनी ड्रायव्हरला गाडीतून खोकं आणायला सांगितलं.

"सहातल्या पाच नापास. नियम आहे. सेट परत न्यावे लागतील."

इश्वर दाराशी उभा होता. अंगावर अजून ओला बनियान. तो म्हणाला, "साहेब, सेट नेले त आमी उद्या पाण्यात कसं जावं?"

"आधी कसे जात होता?"

इश्वरनं आपले दोन्ही हात बघितले. पालथा डोंगा त्यानं याच हातांनी धरला होता. साहेबांना ते माहीत नव्हतं, आणि माहीत असायला त्यांनी कोणाला विचारलंही नव्हतं.

"जाऊ द्या खोकं," मी म्हटलं. "आधी दोन मिनिटं बघा, मंग न्या."

बल्ब घेऊन आले. साहेबांनी नापास केलेली दोन नंबर मी पुढं ठेवली, बल्ब लावला. पिवळा, स्वच्छ पेटला. "तुमचाच मीटर लावा साहेब. माझा नको, उद्या म्हणाल बाईचा मीटर चुकते."

साहेबांनी लावला. सात पॉइंट दोन. एक मिनिट गेलं, दोन गेली. सात पॉइंट एक आठ. बल्ब तसाच.

"सहा तास पाण्यात राहून आली अन् अजून उभी हाये," मी म्हटलं. "आता तुमची पास."

चार नंबर लावली. बल्ब भक्कन पेटला. मीटर आठवरून सहा पॉइंट एकला आला. बल्ब संत्र्यासारखा झाला, मग निखाऱ्यासारखा, मग काहीच नाही. दारातून आत्याबाई म्हणाली, "बाप्पा! पास झाली अन् मेली."

समाजमंदिर हसलं. मी वायर काढली. मीटरवरचा आकडा हळूहळू चढायला लागला. सात पॉइंट चार. सात पॉइंट नऊ.

"पहा साहेब, ओझं काढलं का पुन्हा साहेबासारखी बसली."

हे बोलायला नको होतं असं काकाजी नंतर म्हणाले. मला तसं वाटत नाही.

पण साहेबांचंही सांगायला हवं. त्यांनी बल्ब माझ्या हातातून घेतला आणि स्वतः सहाही बॅटऱ्यांना लावला. चार नंबरला तीनदा लावला. प्रत्येक वेळी ती मेली, प्रत्येक वेळी वर चढली. ते खुर्चीवरून उठून खाली सतरंजीवर बसले, कारण वाकून वाकून पाठ दुखली असणार. मग म्हणाले, "आम्हाला हे असं कोणी सांगितलं नाही. मीटर दिला, कागद दिला."

"आमालेबी कोणी सांगितलं नाई."

"या पाच भरायला किती वेळ लागेल?"

"अडीच वाजेपर्यंत भरतात. साडेतीनले मोजा. आधी निथळू द्या लागतात."

"काय द्यावं लागतं?"

"जेवायले बसा, सांगते," आत्याबाई म्हणाली. साहेब बसले. भात आणि मरळ माशाचा रस्सा. काटे काढायला त्यांना वेळ लागत होता, म्हणून निथळण्याचं सगळं शास्त्र आत्याबाईनं त्यांना सविस्तर शिकवलं. मधेच ती म्हणाली, "कागदावर लिवून घ्या, नाई त इसरान." साहेबांनी खरकट्या हातानं मान हलवली.

साडेतीनला मोजलं. आठ पॉइंट दोन चार. आठ पॉइंट दोन एक. आठ पॉइंट एक नऊ. पाचही तशाच. साहेबांनी कागदावर पट्टी न लावता, हातानंच एक वाकडा रकाना आखला, वर लिहिलं "बल्ब लावून", पाचही बल्बवर पुन्हा मोजल्या, ते आकडे भरले आणि पुढं 'पास' लिहिलं. मग चार नंबरच्या ओळीवर पेन थांबला. तिथं 'पास' लिहिलेलं होतं, निळ्या शाईत, खाली सही. साहेब माणसाला स्वतःचं खोडणं जड जातं. त्यांनी खोडलं. नापास लिहिलं, बाजूला पुन्हा सही केली, चार नंबर स्वतःच्या बॅगेत टाकली आणि बदली बॅटरीचा अर्ज माझ्याकडून तिथंच लिहून घेतला.

"ताई, हे कुठं शिकलात?" जाता जाता त्यांनी विचारलं.

"काम करून," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

खोकं रिकामंच गाडीत गेलं. चार वाजले होते, डोंग्यांची वेळ. मी सेट वाटले. इश्वरनं आपला घेतला, बटण दाबलं आणि माझ्यापासून तीन हातांवर उभा राहून त्यात बोलला, "वहिनी, आवाज येते काय?"

माझ्या कमरेचा सेट खरखरला. मीही बटण दाबलं.

"येते गा. आता पाण्यात जा, अन् तिथून बोल."

तो गेला. अर्ध्या तासानं पलीकडच्या काठाजवळून बोलला. जाळ्यात काय लागलं, वारा कुठला, लिलाधरनं मधेच तंबाखू कशी मागितली, सगळं सांगितलं. बॅटरी खात होता फुकटची. मी बोलू दिलं.